बिनगाठीचं पोर

खोकला एकच होता. पोरं बदलत गेली.

शालूबाईनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती स्वतः पोर होती. माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीपासून आत. तिथं पाऊस तोंड दाखवून जातो आणि माणसं मेंढरांमागं फिरतात, नाहीतर मुंबई गाठतात. तिच्या आईला, राहीबाईला, तीन पोरगे झाले आणि तिन्ही गेले. जन्मताना गुबगुबीत, बघणाऱ्याची नजर लागावी असे. दात येईपर्यंत साधी शिंक नाही. दात आले की खोकला यायचा. ओला, चिखलातनं पाय उपसल्यासारखा. कान फुटायचे, अंगावर गळवं उठायची, बरं वाटायचं, परत उलटायचं. मग एखाद्या थंडीत गावात सर्दीताप यायचा. गाव दोन दिवस शिंकायचं आणि उठून कामाला लागायचं. राहीबाईचं पोरगं उठायचं नाही.

पोरींना काही व्हायचं नाही. शालू आणि तिची थोरली बहीण शेळ्यांसारख्या काटक वाढल्या. गावानं त्यावरनं काय ते ठरवलं. पोरगे मरतात, पोरी जगतात, म्हणजे बाई पोरगे खाते. 'पोरखाई' हा शब्द गावानं राहीबाईच्या तोंडावर कधी काढला नाही. गाव एवढं सभ्य असतंच. बारशाला बोलावलं नाही, बाळंतिणीच्या दारातनं माघारी लावलं, आणि ती पाणवठ्यावर दिसली की बायका आपापली पोरं पदराखाली घ्यायच्या. शब्दापेक्षा हे जास्त लागतं.

पुढं थोरलीचा पोरगा गेला, तसाच खोकत. मग शालूचा पहिला, नाथाजी, गेला. तोपर्यंत शालू लग्न होऊन सांगलीजवळ माधवनगरला आली होती. नवरा कृष्णात गिरणीत साच्यावर. चाळीत एक खोली, मधे तट्ट्याचा आडोसा, पुढं स्वयंपाक आणि मागं झोपणं. माणचा दुष्काळ सुटला, खोकला सुटला नाही. तो तिच्या ट्रंकेतनं आल्यासारखा आला.

नाथाजीमागं गुंडा झाला, त्याच्यामागं कौसी. गुंडा पाच-सहा वर्षांचा होईतो टिकला हेच नवल. पण खोकला त्यालाही होता, आणि शालूला कळत होतं, हा त्याचा नव्हे. हा नाथाजीचा. त्याच्याआधी बहिणीच्या पोराचा, त्याच्याआधी आपल्या भावांचा. कधी कधी दुपारचा भोंगा होऊन गेल्यावर, चाळ जेवून सुस्त पडलेली असताना, तट्ट्यामागनं खोकल्याची ढास यायची. गुंडा तर समोर अंगणात गोट्या खेळत असायचा. शालू हातातलं सूप ठेवून आत जायची. आत वाकळांची घडी, पाण्याचा माठ, भिंतीवरचं कॅलेंडर. कुणी नसायचं. मनाचा खेळ म्हणून ती सोडून द्यायची. मग एक दिवस चार वर्षांच्या कौसीनंच विचारलं, "आये, आत कोन खोकतंय?"

शालूनं त्या दिवसापासून दुपारी घरात बसणं सोडलं.

सासू बयाबाई गाठी बसवायची. पोराचा घसा सुजला की चाळीतल्या आया त्याला घेऊन तिच्याकडं यायच्या. ती अंगठ्याला हळद-मीठ लावायची, पोराच्या तोंडात हात घालायची आणि घशातल्या दोन्ही गाठी चुरडायची. पोर गुरासारखं ओरडायचं, रक्त थुंकायचं, आणि आई म्हणायची, बसल्या एकदाच्या. त्या अंगठ्यानं किती पोरांचं भलं झालं आणि किती जणांच्या घशात घाण गेली ते कुणी विचारलं नाही. बयाबाईचा मान मोठा होता.

नाथाजीच्या तोंडात तिनं अंगठा घातला आणि तसाच बाहेर काढला. परत घातला. मग हात पुसत म्हणाली, "आगं बया. ह्याला गाठीच न्हाईत."

गुंडाचंही तेच. घसा सपाट, धुतल्या परातीसारखा. बयाबाईनं त्याचा अर्थ लावला. अर्थ लावायला शाळा लागत नाही, दुसऱ्याची लेक लागते.

"जीव काय सुटा नसतोय, शाले," ती म्हणाली. "घशापाशी दोन गाठी मारून बांधलेला आसतोय. तुज्या पोटच्यास्नी गाठच न्हाई. कुनी बी यावं आन् वढून न्यावं. आन् वढनारं तुज्या म्हायेरचंच हाय."

कृष्णात जेवत होता. दिवसभर साच्यावर सुताच्या तुटलेल्या तारांना गाठी मारायचं त्याचं काम. तार तुटली की चिमटीत धरायची, न बघता गाठ मारायची, साचा चालू. आईचं बोलणं ऐकून तो ताटावरनं उठला. "मला दाव कुठं मारायची गाठ," म्हणाला, "मी मारतो." आणि डबा न घेताच पाळीला गेला. या विषयावर तो तेवढाच बोलला. आणीबाणीत मुकादमानं नाव दिलं म्हणून कँपात त्याची नस कापली होती. तुपाचा एक डबा मिळाला होता. तूप संपलं. आता दुसरं पोर होणार नव्हतं. गुंडा गेला की संपलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

गुंडा हे नावही काही हौसेनं ठेवलेलं नव्हतं. गुंडा म्हणजे दगड. दगडाला कोण नेतंय! पण बयाबाईला एवढ्यावर भरवसा नव्हता. बाराव्या दिवशी तिनं पोर सुपात घातलं आणि उंबऱ्यावरनं बाहेर सरकवलं. बाहेर शेजारची हुसेनबी उभी होती. शमशेर पिंजाऱ्याची बायको. नवरा कापूस पिंजायचा, ही गाद्या शिवायची. तिच्या ओच्यात पसाभर कोंडा होता. तो तिनं सुपात ओतला आणि पोर उचललं.

"इकलंस?" हुसेनबीनं विचारलं.

"इकलं," शालू म्हणाली.

"माघारी मागशील?"

"न्हाई."

मग हुसेनबीनं तेच पोर शालूच्या मांडीवर ठेवलं. "घे, सांभाळ. दूध पाज. पर पोरगं माजं हाय, ध्यानात ठेव."

पोर विकायची रीत अशी, की मरण दारात आलं आणि या बाईचं पोर कुठाय म्हणून विचारलं, तर बाईला पोरच नसावं. म्हणून आईनं त्याला कधी 'माजं' म्हणायचं नाही. एकदा जरी तोंडातनं गेलं, की सौदा मोडला, ऐकणाऱ्यानं ऐकलं. शालूनं तो शब्द सहा वर्षं गिळला. शाळेत नाव घालतानासुद्धा ती मास्तरला म्हणाली, "हुसेनबीचं हाय." मास्तर बावचळला. गुंडा हुसेनबीला अम्मा म्हणायचा आणि तिच्याच चुलीपुढं बसून चहात खारी बुडवून खायचा. चाळीतले टारगट गडी हुसेनबीला चिडवायचे, "काय गं, पोराची सुंता कवा?"

"तुजी झाली की," ती म्हणायची. "वस्तरा लावूनच ठिवलाय. ये."

अठ्ठ्याहत्तरच्या संक्रांतीनंतर ताप आला. आधी शाळेत आला, मग गिरणीत. अंग मोडून काढणारा, डोळे लाल करणारा. नवल असं की पोरं आणि तरणी माणसं पडली, म्हाताऱ्यांना धक्का नाही. साचे बंद पडायला लागले, आणि चाळीच्या म्हाताऱ्या उन्हात बसून ऊस सोलत होत्या. बयाबाईला शिंकही आली नाही. "जुनं हाड हाय," ती सांगायची. तरण्या सुना आत कण्हत पडलेल्या, आणि सासवा बाहेर रस चोखतायत. हे बघून कुणाच्या मनात काय आलं ते सांगायला नको. माणसाला ताप आला की आधी औषध आठवत नाही, आधी कुणाला धरायचं ते आठवतं.

पोरं आठवड्याभरात उठली आणि गोट्या खेळायला लागली. गुंडाचाही ताप उतरला. शालूनं त्याला मऊ भात चारला. दुसऱ्या दिवशी ताप परत चढला, आणि आता थुंकीला गंजाचा रंग होता. नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत जायला लागली. चाळीच्या नाक्यावरच्या दवाखान्यानं सुया दिल्या, लाल औषध दिलं. खोकला तट्ट्याच्या आतनंही येत होता आणि गुंडाच्या छातीतनंही. शालूला आता दोन्ही वेगळे करता येत नव्हते.

बयाबाईनं पाटावर हात आपटला. "शाले, पोराला घे आन् म्हायेरी जा. जितनं आलं तितंच घालून ये. तुज्या आयच्या पायावर घाल. तिनं लावलंय, तिनंच सोडवावं."

"वाटंतच जाईल त्यो," कृष्णात म्हणाला.

"हितं ऱ्हाऊन का लगीन हुनार हाय त्येचं?"

हुसेनबी दारात उभी होती. केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं. "पोरगं मिरजंला जानार," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात."

"तू कोन गं ठरवनार?"

"मी कोन? बयाआक्का, कोंडा कुनी दिला? तुज्याच सुपात वतलाय. तुज्या उंबऱ्यावरनं इकत घेतलंय. माल माजा, वाट बी मी ठरवनार."

"आगं, ते रीतीपुरतं आसतंय."

"रीतीपुरतं?" हुसेनबी आत आली आणि तिनं वाकळेसकट पोर उचललं. "मग मरनार बी रीतीपुरतंच का?"

बयाबाईचीच रीत, तिचंच सूप. स्वतःच मारलेली गाठ तिच्याच बोटांना सुटत नव्हती.

शमशेरनं गाद्या पोचवायची हातगाडी काढली. एका गिऱ्हाइकाची नवी गादी होती, तीच घातली. तिच्यावर गुंडाला निजवून सांगलीच्या स्टँडपर्यंत नेलं आणि तिथनं मिरजेची यष्टी धरली. भर उन्हात लोक बघत होते. एकानं विचारलं, गादी केवढ्याला दिली?

मिरजेच्या त्या दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता. पुण्याकडचा, चष्मेवाला, हुशार. हुशार होता हे खोटं कशाला सांगा. छाती ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं, प्राणवायू लावला, सलाईन लावलं. मग चमच्यानं जीभ दाबून बॅटरीचा उजेड घशात पाडला. थांबला. परत पाडला.

"याचं घशाचं ऑपरेशन केलंय का? टॉन्सिलच्या गाठी काढल्यात?"

"न्हाई," शालू म्हणाली.

डॉक्टर शेजारच्या डॉक्टरकडं वळला. "गाठीच नाहीत," तो म्हणाला, आणि पुढचं इंग्रजीत.

शालूच्या हातातनं पदर सुटला. एवढ्या लांब यायचं, एवढ्या शिकलेल्या माणसापुढं, आणि त्यानंही तेच म्हणायचं!

"तुम्हाला भाऊ किती?" डॉक्टरनं विचारलं.

"हुते."

"बहिणीला मुलगा?"

"हुता."

"याच्या आधीचा?"

"हुता," शालू म्हणाली. दुसरा शब्द तिच्या घराण्यात नव्हताच.

डॉक्टरचे डोळे चमकले. कोडं सुटायला लागलं की हुशार माणसाचे डोळे चमकतात, त्याला तो तरी काय करणार. गुंडाच्या दंडातनं रक्त काढून नेलं. त्याचं उत्तर आलं त्या सकाळी तो आणखी तिघाचौघांना घेऊन खाटेपाशी आला. ती शिकाऊ पोरं होती. त्यांना तो समजावून सांगत होता. बहुतेक इंग्रजीत, मधे मधे मराठीत. शालू खाटेच्या दुसऱ्या अंगाला उभी होती. खाट हलली असती तर त्यांचं लक्ष गेलं असतं. शालूकडं गेलं नाही. तिच्या कानावर मराठी तेवढं पडलं.

"...आईकडून येतं. मुलगे जातात. मुलींना काही होत नाही."

माणमधलं गाव तीस वर्षं जे कुजबुजत होतं, तेच या माणसानं इस्तरीच्या कपड्यात, मोठ्या आवाजात म्हटलं. तो खरं बोलत होता. वाईट याचंच आहे की गावही खरं बोलत होतं. आणि दोघांपैकी एकालाही ते त्या बाईकडं बघून बोलावंसं वाटलं नाही. एक खास सुई पुण्याहून निघालीय, दुपारपर्यंत पोचेल, हे तो नर्सला म्हणाला. इंग्रजीत. शिकाऊ पोरं पुढच्या खाटेकडं गेली.

शालू गुंडाजवळ बसली. छातीत तेच चिखल तुडवणं चालू होतं. सासू खरं बोलली होती तर. डॉक्टरनं घशात बघून तेच सांगितलं, रक्तात बघून तेच सांगितलं. मग इथं ठेवून काय? जितनं आलं तिथं घालून आलं पाहिजे. तिनं नळी काढली, पोर खांद्यावर टाकलं, पदरानं झाकलं आणि चालायला लागली. जेवणाची वेळ होती. नातेवाइकांची गर्दी, डब्यांचा खडखडाट. लेकरू घेऊन बाहेर चाललेल्या लुगड्यातल्या बाईला दवाखान्यात कोण अडवतंय?

फाटकात हुसेनबी समोर आली. हातात अल्युमिनियमचा डबा, त्यात गुंडासाठी तांदळाची पेज.

"कुटं?"

"म्हायेरी. वाट सोड."

"डोकं फिरलं का? त्येला धाप लागलीया."

"तूच ऐकाय पायजे हुतंस. डाक्टरच बोलला. गाठी न्हाईत. आईकडनं येतंय. सासूनं सांगितलं ते खोटं म्हनतीस, मग डाक्टर बी खोटा?"

"पोर हिकडं दे, शाले."

"न्हाई देत."

"आगं, कुनाचं पोर घिऊन चाललीयास?"

"माजं!" शालू ओरडली. "माजं हाय त्ये! माजं!"

सहा वर्षं दाताखाली धरलेला शब्द. भर दुपारी, फाटकात, चार माणसांच्या देखत. फाटकावरचा माणूस बघायला लागला. शालूच्या खांद्यावर गुंडा खोकत होता, तो थांबला. सगळं थांबलं. आणि तरीही खोकला ऐकू येत होता. मागनं येत होता, वऱ्हांड्याच्या बाजूनं. एकाचा नव्हे. लहान लहान, ओला, एकात एक मिसळलेला, आणि जवळ येत चाललेला.

शालूनं मागं बघितलं नाही. तिला माहीत होतं कोण आहेत. त्यांनी ऐकलं होतं.

हुसेनबीनं तिचं तोंड बघितलं आणि तिला काय ते उमजलं. तिनं डब्याचं झाकण काढलं. आत हात घातला, मूठभर पेज घेतली आणि शालूच्या मोकळ्या तळहातावर थापली. पेज गरम होती. बोटांमधनं खाली गळायला लागली.

"इकलंस?" हुसेनबी दातावर दात ठेवून म्हणाली.

शालू गळणाऱ्या पेजेकडं बघत होती.

"बोल की रांडं! कोंडा न्हाई आज माज्याकडं. पेज हाय. इकलंस?"

"इकलं," शालू म्हणाली.

"माघारी मागशील?"

"न्हाई."

हुसेनबीनं पोर तिच्या खांद्यावरनं ओढून घेतलं आणि आत पळाली. वऱ्हांड्यातनं जाताना तिचं वजनदार अंग डुलत होतं, आणि ती मोठमोठ्यानं ओरडत होती, "सरका! माजं पोरगं हाय! माज्या पोराला धाप लागलीया!"

शालू आत गेली नाही. फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली बसली. जे मागं लागलं होतं ते आपल्यामागं आलं पाहिजे, पोरामागं आत जाता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. हाताची पेज वाळली, तिनं पुसली नाही. पाठीमागं ती सगळी गेलेली पोरं उभी होती. तिनं त्यांना बसू दिलं.

आत हुसेनबीनं डॉक्टरला गाठलं.

"डाक्टर, तुमी त्या बाईला काय बोल्लासा?"

"कुठल्या? त्या मुलाच्या आईला? मी तिला काहीच बोललो नाही."

"त्येच म्हनती मी," हुसेनबी म्हणाली.

मग तिनं त्याला गाठींचं सांगितलं. बयाबाईचा अंगठा, जीव बांधायच्या दोन गाठी, कोंडा, पोरखाई, सगळं. उभ्याउभ्या, हातवारे करत. तो माणूस वाईट नव्हता. पुण्याची सुई आली, ती त्यानं स्वतःच्या हातानं गुंडाच्या मांडीत दिली, दोन्ही मांड्यांत. मग चष्मा पुसत फाटकाबाहेर आला आणि करंजाखाली शालूपुढं उकिडवा बसला. कपडे मळतील म्हणून क्षणभर घुटमळला, पण बसला.

"बाई, ऐका. प्रत्येकाच्या रक्तात एक राखण असते. ताप येऊन गेला की ती त्याला ओळखून ठेवते. परत आला की दारातच धरते. तुमच्या मुलाच्या रक्तात ती राखण तयारच होत नाही. साधा सर्दीताप आला तरी छातीपर्यंत जातो, आणि त्याच्यामागनं दुसरा रोग शिरतो. राखण करणारे जसे रक्तात असतात तसे घशातल्या गाठींतही असतात. तेच नाहीत, म्हणून गाठी वाढल्या नाहीत. भुताचा काही संबंध नाही."

शालू ऐकत होती.

"आता दिली ती सुई म्हणजे दुसऱ्या माणसांच्या रक्तातनं काढलेली राखण. मोठ्या माणसांच्या. पुष्कळ जणांच्या. ती काही आठवडे पुरते, मग परत द्यायची. कायम."

"म्हंजे उसनी."

"हो. उसनीच."

"म्हाताऱ्यास्नी ताप का न्हाई आला?"

डॉक्टरला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. "हा ताप जुना असावा. त्यांना पूर्वी येऊन गेलेला. त्यांच्या रक्तानं ओळखला."

"सासूच्या रक्तात हाय?"

"असणार."

शालूच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू नव्हतं ते. "आन् माज्यातनं आलं. ते खरं?"

तो खोटं बोलला असता तर कुणी त्याला धरलं नसतं. "खरं," तो म्हणाला. "पण ही मुलं पहिले काही महिने जगतात, गुबगुबीत दिसतात, तीही आईच्याच रक्तावर. मूल पोटात असताना तुम्ही दिलेलं तेवढे दिवस पुरतं. मग संपतं. तुम्हाला जेवढं देता येतं तेवढं तुम्ही दिलेलं असतं."

"दात येईपत्तर," शालू म्हणाली.

"हो. साधारण तेवढंच."

ती उठली. मग विचारलं, "मला लेक हाय. कौसी. तिच्यात?"

"असेल. नसेलही. आज सांगता येत नाही. तिला काही होणार नाही. पण तिला मुलगा झाला तर—" त्यानं पुढचं सोडून दिलं.

गुंडा वाचला. धाप उतरली, थुंकीचा रंग गेला, आणि एका सकाळी त्यानं हुसेनबीकडं खारी मागितली. घरी आणला तेव्हा चाळ बघायला जमली. बयाबाई पुढं होऊन म्हणाली, "बगा, कोंडा कामाला आला." हुसेनबी म्हणाली, "कोंडा न्हाई, पेज." बयाबाईला ते कळलं नाही. तिनं नेहमीप्रमाणं अंगठा पुढं केला, घसा बघू म्हणून. शालूनं सासूचं मनगट धरलं. जोरात धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. कृष्णात बघत होता. त्यानं आईला हाताला धरून पाटावर नेऊन बसवलं.

सुईसाठी मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्या. कधी सुई असायची, कधी नसायची. नसली की शालूचं काळीज दुपारभर कान होऊन बसायचं.

शिमगा झाल्यावर ती कौसीला घेऊन माणला गेली. राहीबाई अंगणात भिंतीच्या सावलीला बसली होती. मेंढरं रानात गेली होती. घर मोकळं, दार उघडं. शालूनं आईला सगळं सांगितलं. राखण, उसनी सुई, दात येईपर्यंतचं रक्त. राहीबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे म्या न्हाई खाल्ली?"

"न्हाई, आये. तू न्हाई खाल्लीस. तुज्यातनं गेलं त्येंच्यात. तुला ठावं बी नव्हतं."

"माज्यात कुटनं आलं?"

"तुज्या आयकडनं आसंल."

राहीबाईनं टेकडीकडं बघितलं. "भाऊ हुता मला एक," ती म्हणाली. "त्येचं नाव बी ध्यानात न्हाई. खोकायचा." मग हात जमिनीवर फिरवत म्हणाली, "खाल्ली आसती तर बरं हुतं, पोरी. मी खाल्ली म्हनून गाव थुकलं, मी सोसलं. काय तरी केलं हुतं म्हनून सोसलं. आता हे कुनाच्या नावानं सोसू?"

शालूनं आईच्या हाताची माती पदरानं पुसली.

उंबऱ्याशी कौसी खेळत होती. तिनं एक दगड चिंधीत गुंडाळला होता आणि आजीच्या सुपात ठेवला होता. सूप ढकलत ती राहीबाईपाशी आली. "आज्जी, कोंडा घाल. बाळ इकायचंय."

ज्या बाईला तीस वर्षं कुणी बारशाला बोलावलं नाही ती सुपाकडं बघत राहिली. मग तिनं मूठभर माती उचलली आणि सुपात टाकली. कौसीनं दगड उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "आता हे माजं न्हाई हां," ती शहाण्यासारखी म्हणाली. "तुजं हाय."

शालू सटकन उठली. तो दगड उचलून तिनं कौसीच्या हातात परत दिला. "माजं म्हन," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हन. माजं हाय म्हन."

कौसीनं आधी दाराकडं बघितलं. एवढ्याशा पोरीलासुद्धा माहीत होतं की आधी दाराकडं बघायचं. मग ती हळूच म्हणाली, "माजं."

आणि मोकळ्या घरात, आत, अंधाराच्या बाजूला, कुणीतरी खोकलं.

तिघींनी ऐकलं.

"मेंढरू आसंल," राहीबाई म्हणाली.

"व्हय," शालू म्हणाली. "मेंढरूच."

मेंढरं पार टेकडीपल्याड होती. त्यांच्या घंटांचा आवाज तिथनं येत होता. तिघींपैकी कुणीही आत बघायला उठलं नाही.